राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले मराठी सिनेमे सांगलीत लागत का नाहीत?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे : थेटरात न लागलेल्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळतोच कसा, आणि मिळाल्यावर तरी तो आमच्या सांगलीत का येत नाही?

पहिल्याचं उत्तर सोपं. या पुरस्काराला सिनेमा प्रदर्शित झालेला असावा लागत नाही. पुरस्कार ज्या वर्षीचा, त्या वर्षात सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं की निर्माता प्रवेशिका भरू शकतो. मराठी सिनेमे आधी पश्चिम विभागाचे परीक्षक बघतात, मग निवडक केंद्रीय मंडळापुढं जातात. गल्ला कोणी विचारत नाही.

म्हणूनच तारखांचा मेळ बसत नाही. ‘कोर्ट’ला सुवर्णकमळ (सगळ्या भाषांत सर्वोत्कृष्ट ठरल्याचा पुरस्कार) जाहीर झालं मार्च 2015 मध्ये आणि 17 एप्रिलला तो लागलासुद्धा, तो नशीबवान. सुजय डहाकेंचा ‘श्यामची आई’ मात्र नोव्हेंबर 2023 मध्ये येऊन गेला आणि पुरस्कार जाहीर झाला 1 ऑगस्ट 2025 ला. आता कुठलं थेटर तो परत लावणार? (1954 मध्ये पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक अत्र्यांच्या ‘श्यामची आई’लाच मिळालं होतं.)

बाकी, डहाकेंच्या सिनेमाला मिळालं ते सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं रजतकमळ. सगळ्या भाषांत पहिला येण्याचा मान अत्र्यांच्या ‘श्यामची आई’नंतर ‘श्वास’, ‘देऊळ’ (विभागून), ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांना मिळालाय. व्हॉट्सॲपवर या दोन्हींची खिचडी करून छाती फुगवणं चालू असतं.

आता सांगलीचं. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथं ‘सीता स्वयंवर’ केलं, आशाताईंचा जन्म इथला, नाट्यपंढरी म्हणून आम्ही मिरवतो. नाटकाला अजून गर्दी होते. अशा सिनेमाला मात्र सकाळी साडेनऊचा एकच शो देतात. नोकरीवाला माणूस जाणार कसा? शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारी बोर्डावरून नाव गायब. एका मॅनेजरला मी विचारलं, तर म्हणाला, “पोस्टरवर कमळ बघितलं की लोक म्हणतात, रडका असणार.” ‘देऊळ’ बघताना पोट धरून हसलेल्या माणसाला हे पटणं अवघड आहे, पण त्याच्या हातात तिकिटांचा हिशोब होता, माझ्या हातात नाही.

तेव्हा पुरस्काराची वाट बघू नका. सिनेमा लागला की पहिल्या तीन दिवसांत जा. वेळ गैरसोयीची असेल तर पंधरा-वीस जण जमवून शुक्रवारच्या आधी मॅनेजरला फोन करा. आगाऊ तिकिटं घेतो म्हटलं की संध्याकाळचा शो निघतो. आमच्या ग्रुपला असाच मिळाला होता.