दहा महिन्यांचं बाळ नावाने हाक मारली तर वळत नाही. घरात मराठी-कन्नड दोन्ही बोलतात, त्यामुळे उशीर होत असेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की घरी मराठी, सांभाळायला येणाऱ्या मावशी कन्नड, आणि सासूबाई म्हणतात दोन भाषांनी बाळ गोंधळलंय, दीड वर्षापर्यंत थांबा. मी डॉक्टर नाही. बेळगावात वडगावला आमचे घरचे माग आहेत. अगदी हेच ऐकून मी चार महिने घालवले, म्हणून लिहिते.

थांबू नका. आधी कान तपासून घ्या, ह्याच आठवड्यात.

भाषेचं म्हणाल तर आपल्याकडे खानापूर-निपाणीपर्यंत कितीतरी पोरं दोन-दोन भाषांत वाढतात. अशा मुलाचे शब्द दोन्हीकडे वाटले जातात, एकाच भाषेतले मोजले तर कमी भरतात, एवढंच. नावाला वळणं तर बोलण्याच्या आधीचं. साधारण नवव्या महिन्यापर्यंत ते यायला हवं. तुम्ही 'ये' म्हणा, मावशी 'बा' म्हणू देत, नाव तर तेच ना!

माझा मुलगा आठव्या महिन्यात आधाराशिवाय बसला. मागावरची रिकामी कांडी त्याच्यासमोर टॉवेलखाली लपवली की टॉवेल ओढून काढायचा आणि खिदळायचा. पुढे एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी समजावलं की हे साधं नाही. त्याआधीच्या वयात नजरेआड झालेली वस्तू बाळ सहसा शोधतच नाही. ती तिथेच आहे ही समज साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास दिसते, असं झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मांडलं होतं. म्हणजे पोराचं डोकं ठीक चाललं होतं. आणि ताट पडलं की तो दचकायचा, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त, की ह्याला ऐकू येतंय.

फसलो ते इथेच. ताट पडल्याचा आवाज मोठा, वर फरशी हादरते. माग चालू असले की आमचं अख्खं घरच थरथरतं. कमी ऐकू येणारं मूल अशा आवाजाला दचकतं आणि आईच्या हाकेला मात्र वळत नाही. दुसरी खूण मी पाहूनही सोडून दिली. पाचव्या महिन्यात तो हुंकार भरायचा, पण त्याचं 'बाबाबा, दादादा' व्हायच्या ऐवजी पोरगा गप्प होत गेला. एका डॉक्टरांना दाखवलं तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून परत पाठवलं. चौदाव्या महिन्यात दुसरीकडे बेरा तपासणी (आवाजाला कान आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते यंत्राने पाहतात) झाली आणि कळलं की दोन्ही कानांनी कमी ऐकू येतंय. मशीन लागलं. खरं तर जन्मानंतर 1 महिन्यात चाचणी, 3 महिन्यांत निदान आणि 6 महिन्यांत उपचार सुरू, असा नियम आहे. आम्हाला बाळंतपणात कुणी त्यातलं अक्षर बोललं नाही.

घरी पाहायचंच असेल तर टीव्ही, पंखा बंद करा. बाळ कुणाच्या तरी मांडीवर, तुम्ही मागे, सावली पडणार नाही अशा. टाळी नको, हळू हाक मारा. वळलं तरी तपासणी चुकवू नका.

कान ठीक निघाले तर मग बाकीचं बघतील: नजरेला नजर देतं का, तुम्ही हसलात की हसतं का. वर्षाच्या सुमारास हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का, हेही पाहायचं असतं. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर वय डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजतात. येत असलेली गोष्ट बंद झाली तर मात्र वय कितीही असो, लगेच दाखवा.

अंगणवाडीच्या कार्यकर्तीलाही सांगून ठेवा. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. पण त्यांच्या फेरीची वाट बघत बसू नका, सरळ जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात जा. तायी कार्ड (गरोदरपणात मिळालेलं आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड) न्या. जन्माचं वजन, कावीळ, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, हे सगळं विचारतात.

आणि हो, बेरा बाळ झोपलेलं असताना करतात. आमचं पोर बसमध्येच झोप काढून टक्क जागं झालं आणि दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. तेव्हा वाटेत झोपू देऊ नका, तिथे पोचल्यावर पाजा.