फाईल जाड, पण त्यात शिकवणं कुठे आहे?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. उत्कृष्ट पदव्युत्तर अध्यापन पुरस्काराच्या निवड समितीचं सचिवपद तुझ्याकडे आलंय. नव्या माणसाच्या गळ्यात पडणारंच काम आहे हे, पण मन लावून करण्यासारखंही आहे.

आधी अर्जाचा नमुना बदलून घे. आपल्याकडे तो बढतीसाठी गुण मोजणाऱ्या जुन्या एपीआय तक्त्यावरून उतरवलेला असतो. मग येतं काय, तर शोधनिबंधांची यादी, परिषदांची प्रमाणपत्रं आणि शाल-श्रीफळाचे फोटो. दोनशे पानांच्या फायलीत वर्गात काय घडलं याचं एक पान सापडत नाही. म्हणून मर्यादा घाल: अर्ज आठ पानांचा, पुरावे तीस पानांचे, पुढचं वाचलं जाणार नाही. पुरावे नावानिशी माग. एका विषयाची पाठयोजना, त्याच विषयाच्या तीन वर्षांच्या अंतर्गत परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, तपासलेल्या दोन असाइनमेंट (नावं झाकून, एक हुशार विद्यार्थ्याची आणि एक चाचपडणाऱ्याची) आणि प्रबंधाच्या एकाच प्रकरणाच्या लागोपाठच्या मसुद्यांतली शेरे मारलेली पानं.

मसुदे का, तर पीजीचं, म्हणजे पदव्युत्तर वर्गांचं, निम्मं शिकवणं तासाबाहेर होतं. एका क्रेडिटला १५ तास धरले तर चार क्रेडिटच्या पेपरचे ६० तास वेळापत्रकात दिसतात. पण नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आहे, पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग आहे, आणि पीएच.डी.चं मार्गदर्शन तर आहेच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. अर्जदार 'आठही जागा भरलेल्या' असं अभिमानाने लिहितो. तू विचारायचं ते वेगळं: किती जणांनी प्रबंध सादर केला, किती वर्षांत, किती जण मध्येच गेले आणि का गेले?

प्रश्नपत्रिका सगळ्यात आधी वाच. मला विचारशील तर फायलीतला सर्वांत प्रामाणिक कागद तोच. 'नमुना निवडीच्या पद्धती स्पष्ट करा' हा प्रश्न तीन वर्षं फक्त क्रमांक बदलून येत असेल, तर त्या वर्गात नोट्स पाठ होतात. याउलट एखादी प्रश्नपत्रिका अर्ध्या पानाचा तक्ता देते: एका तालुक्यातल्या ४० घरांची पाहणी, सगळी घरं डांबरी रस्त्यालगतची. आणि विचारते, 'या माहितीवरून तालुक्याबद्दल काय म्हणता येणार नाही, ते सांगा.' याचं उत्तर गाईडबुकात मिळत नाही. हा प्रश्न घालणाऱ्या शिक्षकाने तशी विचार करण्याची सवय वर्गात आधी लावलेली असणार, नाहीतर अख्खी बॅच नापास झाली असती. म्हणून सोबत गुणांचा तक्ताही माग. प्रश्न अवघड आणि गुण सगळ्यांना ५० पैकी ४५ च्या वर, असं दिसलं तर दोन उत्तरपत्रिका काढून बघ.

मग शेरे. मसुद्याच्या समासात 'सुधारणा आवश्यक', 'भाषा तपासा' एवढंच असेल तर मार्गदर्शन झालेलं नाही, सही झाली आहे. चांगला गाईड लिहितो, 'इथे वाढ लक्षणीय म्हणता, पण नमुना १४ जणांचा आहे. दावा कमी करा किंवा नमुना वाढवा. कोणतं करणार, ते कळवा.' अडचण कुठे, का आणि पुढचा निर्णय कोणाचा, हे तीन ओळींत आलं. आता पुढचा मसुदा उघड. तिथे विद्यार्थ्याने स्वतः काही ठरवलेलं दिसलं तर गाईडचं शिकवणं पोचलं. गाईडचीच वाक्यं जशीच्या तशी उतरली असतील तर प्रबंध गाईडने लिहिला. प्रबंध छान होतो, विद्यार्थी तयार होत नाही. समितीत हा फरक कोणी काढत नाही, तू काढ.

फीडबॅकच्या आकड्यांना फार भुलू नकोस. पीजीच्या वर्गात कधी आठच विद्यार्थी असतात, त्यातले सहा फॉर्म भरतात. सहाही जणांनी पाच दिले तर सरासरी ५. एकाने रागात एक दिला की ती ४.३३. या फरकावरून दोन शिक्षकांत डावं-उजवं करायचं? शिवाय आवडणं आणि शिकणं एक नव्हे. अमेरिकेत एका नटाला 'डॉक्टर फॉक्स' म्हणून तज्ज्ञांपुढे उभं केलं होतं. व्याख्यान रंगतदार, आशय मुद्दाम पोकळ आणि परस्परविरोधी. १९७३ साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: श्रोत्यांनी त्याला चांगले शेरे दिले होते, आणि ते श्रोते स्वतः शिकवणाऱ्या क्षेत्रातले होते! फीडबॅकमधला लेखी मजकूर मात्र वाच. 'सर खूप चांगले आहेत' सोडून दे. 'प्रॅक्टिकलला चुकलेलं रीडिंग खोडू देत नाहीत, शेजारी कारण लिहायला लावतात' हे टिपून ठेव.

विद्यार्थ्यांची पत्रं अर्जदाराला गोळा करू देऊ नकोस. ज्याचा प्रबंध अजून त्या गाईडच्या सहीसाठी अडलाय, तो दुसरं काय लिहिणार? विभागाकडून तीन ते पाच वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांची यादी घे, तीन नावं अर्जदाराची, तीन तुमची. पत्र थेट समितीकडे येऊ दे, आणि प्रश्न एकच विचार: 'त्यांच्याकडून शिकलेली कोणती गोष्ट आज कामात वापरता?'

वर्गभेटी दोन, दोघांनी मिळून, पहिली कळवून. पीपीटी कशी होती ते सोड. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ गप्प राहतो आणि चुकीच्या उत्तराचं काय करतो, एवढं बघ.

बैठकीत घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. 'यंदा विज्ञान शाखेचा नंबर', 'निवृत्तीला सहा महिने राहिलेत, देऊन टाकू', 'त्यांचे पेपर बघा किती'. यावर उपाय म्हणजे प्रत्येक सदस्याने बैठकीआधी प्रत्येक अर्जावर अर्धं पान लिहून तुझ्याकडे द्यायचं. लिहिलेलं मत ज्येष्ठांच्या एका वाक्याने सहसा फिरत नाही. शंभर गुणांचा तक्ता करू नकोस. मराठी विभागाचं परिसंवादाचं काम आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा एका रकान्यात बसवायला गेलं की शेवटी पेपरांची संख्याच निर्णय देते. अर्जदाराचा गाईड, विद्यार्थी किंवा सहलेखक समितीत असेल तर त्या अर्जापुरतं त्याने बाहेर बसावं आणि तशी नोंद इतिवृत्तात यावी.

पुरस्कार ५ सप्टेंबरलाच द्यायचा असतो, म्हणून बहुतेक ठिकाणी परिपत्रक जुलैत निघतं. तोवर मागची बॅच पांगलेली आणि नवीन प्रवेश चालू, मग वर्गभेटी कुठल्या आणि मसुदे कुठले! तुझं परिपत्रक जानेवारीत निघायला हवं, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये तास चालू असताना भेटी होतील. नमुना अर्जाचा कच्चा मसुदा दिवाळीनंतर पाठव, मी बघून देतो.

तुझा,
एक जुना सहकारी