सेकंडहॅन्ड फोन घेताय?

जरूर घ्या, पैसे वाचतात. फक्त मेगापिक्सेल विचारत बसू नका. नवखे नेमके तिथेच अडकतात.

आधी *#06# दाबा. दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलाशी ताडा आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर टाकून बघा. चोरीचा म्हणून ब्लॉक असेल तर तिथे कळतं. विकणारा बिल हरवलं म्हणाला तर सरळ निघा.

मग विकणाऱ्याला समोरच गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यातून लॉगआउट करायला लावा, त्यानंतरच रीसेट. राहिलं, तर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसेल, आणि तोवर गडी पसार!

आयफोनची बॅटरी हेल्थ ८० टक्क्यांखाली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून कापा. अँड्रॉइडचं शेवटचं सिक्युरिटी अपडेट कधीचं आहे, तेवढं बघा. प्रोसेसरचं नंतर बोलू.