माळावर झाडंच नाहीत, मग पक्षी राहतात कुठे?

जमिनीवर. तुम्ही पुढे असंही विचारलंय की अशा उजाड जागी बघायला काय मिळणार. हेच वाक्य मामांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं आजोळ बारामती तालुक्यात, सुप्याकडे. गावाचं गायरान म्हणजे मुरूम, कुसळी गवत आणि तुरळक हिवर. एका एप्रिलमध्ये तिथे झाडं लावण्यासाठी जेसीबीने चर मारणं चाललं होतं, पुढाकार मामांचा. चुन्याच्या रेघेपाशी एक धाविक दिसला, माळावर धावत फिरणारा पक्षी. चार पावलं पळायचा, थबकायचा, मान ताठ करून बघायचा, पुन्हा पळायचा. मी लांब बांधावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तो एका जागी टेकला. उठला तेव्हा दुर्बिणीतून दिसलं, उघड्या मुरमावर दोन अंडी. काडीचंही घरटं नाही. मातकट रंगावर काळपट शिंतोडे. जरा नजर हलली की अंडी पुन्हा सापडेनात.

मामा म्हणाले, "पाखरू आहे, जाईल उडून दुसरीकडं." मामा, पाखरू उडेल हो, अंडी कशी उडतील? जेसीबीवाल्या पोराला ते लगेच पटलं, त्याने तेवढा चर वळवला. मामांना अजून पटलेलं नाही. आज तिथे लावलेली ग्लिरिसिडियाची झाडं माजलीत आणि धाविक एकही नाही. त्याला लांबवरचं दिसणारी मोकळी, आखूड गवताची जमीन लागते. धनगरांच्या मेंढ्या चरतात तिथे तो बऱ्याचदा दिसतो. सरकारी दप्तरात ‘पडीक’ लिहिलंय म्हणून माळ ओसाड ठरवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे.

हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी येतो, थेट कझाकस्तानाकडून. दिवसभर हरभऱ्या-ज्वारीवरून कमी उंचीवर तरंगत नाकतोडे टिपतो आणि रात्री गवतात, जमिनीवरच झोपतो. म्हणजे मामांच्याच शिवारातली कीड खातो, आणि त्याच्या झोपायच्या जागेत हे खड्डे खणतात!

बघायला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे. ऊन जरा वर आलं की पखुर्डीचे, म्हणजे माळावरच्या कबुतरासारख्या पक्ष्याचे, थवे पाणवठ्यावर उतरतात, तिथे लांब दबून बसा. डोंबारी नावाच्या छोट्या चंडोलाच्या नराची हवेतली उडी मात्र पावसाच्या तोंडावर बघावी. वर चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली सूर मारतो आणि जमीन जवळ आली की सावरतो.

झाडांना माझा विरोध नाही. बांधावर, ओढ्याकाठी, गावठाणात खुशाल लावा. आणि उन्हाळ्यात गेलात तर गाडी चाकोरीतच ठेवा. अंडी दिसली तर फोटोसाठी रेंगाळू नका. पक्षी उठून गेला की उन्हात ती करपतात.