घरच्या बेंचवर फळ्या धरायला कुठला वाइस घ्यावा: 5 इंची फिटरचा, की 7 किंवा 9 इंची कारपेंटर वाइस?

फिटरचा वाइस घेऊ नका. तुम्हाला सागाच्या 1 इंची फळ्यांच्या कडा रंधायच्या आहेत आणि दुकानदार जो 5 इंची वाइस पुढे करतोय तो लोखंडी पट्ट्या धरायला असतो. तो बेंचच्या वर बसतो, त्यामुळे फळी टॉपपासून उंच, अधांतरी राहते आणि रंधा मारताना थरथरते. शिवाय त्याच्या जबड्याचे दाते सागात उमटतात. कारपेंटर वाइस टॉपच्या खाली बसतो, म्हणून लांब फळी बेंचच्या कडेला टेकून राहते.

7 की 9 यात माझं मत 9. रेकॉर्ड या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या 52 नंबरच्या धर्तीवरचा 7 इंची (म्हणजे 7 इंच रुंद जबड्याचा) वाइस 8 इंच उघडतो, 52½ च्या धर्तीवरचा 9 इंची 13 इंच. दोन्ही जबड्यांना आतून 20 मिमी लाकूड, म्हणजे लाकडी गाल, लावावंच लागतं, म्हणजे त्यातले दीडेक इंच गेले. क्विक रिलीज, म्हणजे स्क्रू न फिरवता जबडा झटकन सरकवता येणं, सोयीचं आहे, पण बजेट एकाच गोष्टीला पुरत असेल तर साधा 9 इंची घ्या. क्विक रिलीजमधला स्क्रूला पकडणारा अर्धा नट भुशाने भरला की नीट पकडत नाही आणि आवळताना सटकतो.

दुकानात जबडे हळूच मिटवून पाहा. वरच्या कडा आधी भिडायला हव्यात आणि खाली बारीक फट राहायला हवी. स्क्रू जबड्याच्या वरच्या कडेपासून बराच खाली असतो, त्यामुळे आवळल्यावर पुढचा जबडा वरच्या बाजूने फाकतो. आधीपासून थोडा आत झुकलेला असेल तरच तो ताणाखाली समांतर होतो. उलटी फट दिसली तर दुसरा नग मागा. एखाद्या नगात झुकाव अजिबात नसेल तर लाकडी गाल खालच्या बाजूला किंचित पातळ रंधून तो आणता येतो. मग वाइस अर्धा उघडून पुढचा जबडा हलवा. थोडी हालचाल प्रत्येकात असते, पण स्क्रूच्या दोन्ही बाजूंचे, जबड्याला सरळ ठेवणारे गज भोकात खडखडत असतील तर तो नग परत ठेवा.

बसवण्यात जास्त चुका होतात. तुमचा 18 मिमी प्लायचा टॉप एकटा पुरणार नाही. खालून तेवढाच दुसरा थर चिकटवा आणि वाइसच्या जागी कडक लाकडाचा ठोकळा देऊन उंची जुळवा. लाकडाचे स्क्रू काही दिवसांत ढिले होतात, म्हणून आरपार बोल्ट आणि मोठे वॉशर वापरा. बिडाच्या जबड्याची वरची कड टॉपपेक्षा 10 ते 12 मिमी खाली ठेवा आणि लाकडी गाल टॉपच्या पातळीपर्यंत आणा, नाहीतर रंध्याचं पातं कधीतरी बिडावर आपटेल. गालांना लावलेल्या स्क्रूंची डोकीही लाकडात खोल बुडवा. मागचा जबडा बेंचमध्ये खाच करून असा बसवा की त्याचा गाल बेंचच्या कडेशी एका रेषेत येईल. ही रेषा चुकली तर लांब फळी कडेला टेकणारच नाही आणि कारपेंटर वाइस घेतल्याचा फायदा संपला.

उजव्या हाताने काम करत असाल तर वाइस बेंचच्या डाव्या टोकाला, बेंचच्या पायाजवळ बसवा. आधी टॉपखालच्या आडव्या पट्ट्या बघा. गज आणि स्क्रू मागे सरकताना त्यांना अडायला नकोत. 4 फुटांपुढची फळी कडेवर रंधायची तर बेंचच्या उजव्या पायात भोकं पाडून खुंटी घाला, फळीचं दुसरं टोक त्या खुंटीवर टेकेल.

फळी उभी धरायची वेळ आली की गज आणि स्क्रू मध्ये येतात. ती एका बाजूला धरावी लागते आणि जबडा तिरपा होतो. दुसऱ्या बाजूला बरोबर तेवढ्याच जाडीचा तुकडा ठेवा. त्याच फळीचं कापून उरलेलं टोक सगळ्यात उत्तम.

गजांना तेलाऐवजी मेणबत्तीचं मेण घासा, कारण तेलाला भुसा चिकटतो. आणि पकड कमी वाटली तरी दांड्याला पाईप लावून आवळू नका, बीड तडकतं. पकड वाढवायची असेल तर गालांवर आतून चामडं चिकटवा.