वाचकांचे प्रश्न : जुनी मशिनरी आणि ‘स्टेज पाच’

प्रश्न : माझ्याकडे २०१४ ते २०२२ या काळात घेतलेले तीन बॅकहो लोडर, दोन पोकलेन आणि एक रोलर आहे. ‘स्टेज पाच’ हा मशिनांच्या धुराच्या मर्यादेचा पाचवा टप्पा लागू झाल्यामुळे जुनी मशिने टप्प्याटप्प्याने बंद करावी लागतील, असा संदेश आमच्या ठेकेदारांमध्ये फिरतो आहे. त्यातच एका मुख्य कंत्राटदाराने प्रत्येक मशीनचा धुराचा दाखला मागितला आहे. काय करावे? (एक ठेकेदार, सिन्नर)

उत्तर : तो संदेश अगदीच निराधार नाही, फक्त तो आपल्या देशाचा नाही. कॅलिफोर्नियात २५ अश्वशक्ती आणि त्यावरील, स्वतःच्या बळावर चालणाऱ्या डिझेल मशिनांच्या चालू ताफ्यांवरच नियम आहे. तेथे ताफ्याच्या एकूण अश्वशक्तीवरून मालकाचा गट ठरतो, दरवर्षी माहिती भरावी लागते आणि सर्वांत जुनी इंजिने ठरलेल्या वर्षांपासून ताफ्यातून काढावी लागतात. मोठ्या ताफ्यांसाठी हे २०२४ पासून सुरू झाले. भारतातील टप्पे वेगळ्या तत्त्वावर आहेत. मशीन ज्या काळात तयार झाले, त्या काळची मर्यादा त्याला लागू होते. बांधकाम मशिनांसाठी चौथा टप्पा १ एप्रिल २०२१ पासून आणि पाचवा १ जानेवारी २०२५ पासून तयार होणाऱ्या मशिनांना आहे. म्हणून आपले २०१४ चे बॅकहो तिसऱ्या टप्प्यातील म्हणून घेतले होते आणि ते त्याच टप्प्यातील राहील. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल वाहनांवर आलेली बंदीही त्या परिसरापुरती आहे. तिचा आधार घेऊन आपल्याला जुनी मशिने स्वस्तात विकायला लावणाऱ्या दलालांपासून सावध राहावे.

मात्र सहाही मशिनांना एकच नियम लागू नाही. बॅकहो आणि रोलर ही केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या व्याख्येत बसणारी ‘बांधकाम उपकरण वाहने’ आहेत. त्यामुळे त्यांना आरटीओची नोंदणी लागते, पीयूसी म्हणजे धुराचा दाखला लागतो आणि नोंदणीची मुदत संपली की नूतनीकरणही लागते. पट्ट्यावर चालणारे पोकलेन स्वतःच्या बळावर सार्वजनिक रस्त्याने जाऊ शकत नाही, ते ट्रेलरवरच न्यावे लागते, आणि अशी निव्वळ रस्त्याबाहेरची उपकरणे त्या व्याख्येतून वगळलेली आहेत. तेव्हा पोकलेनची पीयूसी मागणाऱ्याला ‘आरसीच नाही, तर पीयूसी कुठून आणू’ हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बरोबर असले, तरी व्यवहारात ते पुरत नाही. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि मंजुरीच्या अटींत भाड्याने आणलेली वाहने सुस्थितीत आणि धुराच्या मर्यादेत असावीत, असे बहुधा लिहिलेले असते. मुख्य कंत्राटदार ती जबाबदारी आपल्यावर ढकलतो, आणि तसे करण्यात त्याचे काही चुकत नाही. पोकलेनसाठी इंजिनावरील पाटीचे छायाचित्र, सर्व्हिसच्या नोंदी आणि अधिकृत सर्व्हिस केंद्राकडून धुराची तपासणी करून घेतल्याचे पत्र एकत्र द्यावे.

एक साधी वही घाला. प्रत्येक मशीनचा चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, किलोवॅटमधील शक्ती, तयार झाल्याचा महिना, टप्पा, अवरमीटरचा (मशीन किती तास चालले त्याचा) आकडा आणि पीयूसीची तारीख एवढे तीत असले, की कोणत्याही साइटवर अडचण येत नाही. शक्तीचा आकडा महत्त्वाचा अशासाठी, की चौथा टप्पा ३७ किलोवॅट, म्हणजे सुमारे ५० अश्वशक्तीपासून पुढेच लागू होता. बाजारात एकाएकी ४९ अश्वशक्तीचे बॅकहो का दिसू लागले, याचे उत्तर यातच आहे. पाचव्या टप्प्याने ही पळवाट बंद केली. दुसरी गोष्ट इंजिनाची. इंजिनाचे मोठे काम निघाले की जुन्या बाजारातून इंजिन आणून बसवण्याची आपल्याकडे सवय आहे. नोंदणीकृत मशीनमध्ये इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी, आणि नव्या टप्प्याच्या मशीनमध्ये जुन्या टप्प्याचे इंजिन बसवणे म्हणजे त्या मशीनची मान्यताच मोडणे होय.

प्रश्न : पाचव्या टप्प्यातील नवा लोडर घेतला. दर काही दिवसांनी डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागतो आणि ऑपरेटर बटण दाबून तो घालवतो. स्थानिक मेकॅनिक म्हणतो, फिल्टर काढून प्रोग्राम बदलून देतो, युरियाही लागणार नाही. (वाचक, राजुरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : असे करू नये. पाचव्या टप्प्यात धुरातील कणांचे केवळ वजन नव्हे, तर त्यांची संख्याही मोजली जाते, आणि ती मर्यादा गाठण्यासाठीच सायलेन्सरच्या जागी कण अडवणारा फिल्टर बसवलेला असतो. त्यात काजळी साचली की ती जाळावी लागते. त्यासाठी आतील तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. दिवा लागतो तो याचसाठी. बटण दाबून हे जाळणे पुढे ढकलत राहिले, की काजळी इतकी भरते की मशीन आपली शक्ती आपणच कमी करते आणि शेवटी सर्व्हिस इंजिनियरला बोलावावे लागते. यात ऑपरेटरला दोष देण्याआधी साइटचे वेळापत्रक पाहावे. बादली रिकामी राहिली की ओरडणारा मुकादम असेल, तर अर्धा-पाऊण तास मशीन उभे करण्याची हिंमत कोणता ऑपरेटर करील? जेवणाच्या सुट्टीत हे काम लावून द्यावे, मात्र मशीन सुक्या गवतापासून आणि डिझेलच्या बॅरलपासून दूर, मोकळ्या मुरमावर उभे करावे. तासन् तास रिकामे इंजिन चालू ठेवण्याची सवयही मोडावी, कारण थंड धुरात काजळी जळत नाही, साचत जाते. इंजिन ऑइल मशीनच्या कंपनीने सांगितलेले, कमी राखेचेच वापरावे. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही आणि फिल्टर कायमचा भरत नेते.

युरियाबद्दल बोलायचे तर, टाकीत जाते ते ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे द्रावण. धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या उत्प्रेरकाला ते लागते. शेतीच्या पोत्यातील युरिया पाण्यात विरघळवून घालणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्यातील अशुद्धीमुळे उत्प्रेरक निकामी होतो आणि तो खर्च अनेक वर्षांच्या द्रावणापेक्षा जास्त असतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात साठवणुकीचीही काळजी घ्यावी. २५ अंशांखाली दीड वर्ष टिकणारे हे द्रावण ३५ अंशांवर जेमतेम सहा महिने टिकते. कॅन सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवावेत आणि द्रावण लोखंडी डब्यात कधीही काढू नये. फिल्टर काढलेले मशीन रस्त्यावर सापडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वॉरंटी तर त्याच दिवशी संपते.

प्रश्न : साइटवरील जुन्या जनरेटरला हेच नियम आहेत का? (वाचक, पनवेल)

उत्तर : नाहीत. जनरेटर वाहन नसल्याने तो पर्यावरण संरक्षण नियमांखाली येतो. १ जुलै २०२३ पासून तयार होणाऱ्या, ८०० किलोवॅटपर्यंतच्या इंजिनांना ‘सीपीसीबी चार प्लस’ ही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नावाने ओळखली जाणारी धुराची मर्यादा आहे. आपला जुना संच त्याच्या काळच्या मान्यतेवर चालू शकतो. नवा घेताना मात्र पाटीवरील तयार झाल्याची तारीख पाहूनच बिल द्यावे.