सिमँटिक-रिलीज की रिलीज-इट, आणि मध्येच अडकलेल्या रिलीजचं काय

थोडक्यात प्रश्न असा दिसतोय की एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजेसची रजिस्ट्री) पॅकेज आहे, तिघं-चौघं मिळून काम करताय, रिलीज हाताने करता त्यात कधी टॅग (गिटमध्ये त्या व्हर्जनवर लावलेली खूण) मारायचा राहतो कधी चेंजलॉग (बदलांची यादी), म्हणून रिलीज आपोआप करणारं सिमँटिक-रिलीज लावून बघितलं तर पब्लिश फेल झालं आणि आता जॉब परत चालवला की म्हणतं नवीन काही नाहीच.

आधी अडकलेलं का ते सांगतो. सिमँटिक-रिलीज शेवटच्या टॅगपासूनचे कमिट (गिटमध्ये नोंदलेले बदल) वाचतं, व्हर्जनचा आकडा ठरवतं, नोट्स बनवतं, मग टॅग पुश करतं आणि त्यानंतर पब्लिश करतं. म्हणजे पब्लिशला टोकन (एनपीएमवर टाकायची परवानगी देणारी चावी) नाहीतर नेटवर्क आडवं आलं की टॅग वर गेलेला असतो, पॅकेज नाही. पुढच्या वेळी ते टॅग बघतं, म्हणतं हे तर झालंय की, आणि गप्प बसतं. त्याच्या मते ते बरोबरच आहे.

आता टूल कुठलं. फीचरची यादी बघत बसू नका, आकडा कोण ठरवणार एवढंच ठरवा. सिमँटिक-रिलीजमध्ये कमिट मेसेज ठरवतो, फिक्स आलं तर पॅच (तिसरा आकडा वाढतो), फीट म्हणजे नवं फीचर आलं तर मायनर (दुसरा), तळाशी ब्रेकिंग चेंज (जुना वापर मोडणारा बदल) असेल तर मेजर (पहिला), आणि माणसाला कोणी विचारत नाही. रिलीज-इट हे दुसरं टूल टर्मिनलवर थांबून विचारतं, हा आकडा चालेल का, कमिट करू का, टॅग करू का. तुमच्याकडे मेसेज "अपडेट", "परत फिक्स" असे असतील (असणारच, सगळीकडे असतात) तर सरळ रिलीज-इट घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मला स्वतःला छोट्या टीमला तेच बरं वाटतं.

तरी सिमँटिकच हवं असेल तर तुमची खरी अडचण हाताने केलेल्या मागच्या रिलीजना टॅग मारायचे राहिले ही आहे. त्याला आधीचं व्हर्जन टॅगवरूनच कळतं, पॅकेज डॉट जेसनमधला आकडा ते विचारात घेत नाही. शेवटच्या रिलीजचा टॅग मारायचा राहिला असेल तर ते त्याच्या मागच्यापासून मोजणार आणि जो आकडा एनपीएमवर आधीच आहे तोच काढून बसणार, आणि टॅगच नसतील तर थेट १.०.० पासून सुरुवात. तेव्हा प्रत्येक जुन्या रिलीजचा नाही तरी शेवटच्या रिलीजचा टॅग बरोबर कमिटवर, पुढे व्ही लावून, हाताने टाका. जॉब गिटहब ॲक्शन्सवर चालत असेल तर चेकआउटला (कोड खाली आणायच्या पायरीला) फेच-डेप्थ शून्य द्या म्हणजे सगळा इतिहास येईल, कारण तिथे डीफॉल्ट एकच कमिट येतो. स्क्वॉश मर्ज (सगळे कमिट एकात दाबून मर्ज) करत असाल तर अजून एक गंमत, पीआरमध्ये (पुल रिक्वेस्टमध्ये) एकच कमिट असेल तर गिटहब डीफॉल्टने पीआरचं टायटल न घेता त्या कमिटचाच मेसेज उचलतं, म्हणजे टायटल नीट लिहूनही उपयोग नाही, सेटिंगमध्ये बदलावं लागतं.

ड्राय-रन (खरं काही पब्लिश न करता केलेली रंगीत तालीम) दोन्हीत आहे, कॉन्फिग बदललं की आधी तो चालवा. एनपीएमवर एकदा गेलेला आकडा परत वापरता येत नाही, अनपब्लिश केलं तरी नाही, आणि अनपब्लिशही सरळपणे पहिल्या ७२ तासांतच आणि तेही दुसरं कुठलं पॅकेज त्यावर अवलंबून नसेल तर. म्हणून टेस्ट, बिल्ड, लिंट (कोडची आपोआप तपासणी) जे काय फेल होऊ शकतं ते सगळं पब्लिशच्या आधी.

आत्ता काय करायचं: आधी एनपीएमच्या रजिस्ट्रीवर बघा ते अडकलेलं व्हर्जन खरंच नाहीये ना. नसेल तर रिमोटवरचा टॅग उडवा, टोकनचं बघा आणि जॉब परत चालवा. पॅकेज गेलंय आणि फक्त गिटहबवरची रिलीज राहिलीय असं निघालं तर टॅगला हात लावू नका, रिलीज त्याच टॅगवरून हाताने बनवा. आणि टॅग उडवलात तर ज्यांनी फेच केलंय त्यांच्या मशीनवरूनही काढायला सांगा, नाहीतर कोणीतरी सगळे टॅग एकदम पुश करेल आणि तो परत वर येऊन बसेल.